आवड बदलते, आधी कान बदलतात

मी चेन्नईच्या वेस्ट मांबलममधून बोलतोय.

तोफखान्यात होतो तेव्हा माझं मत पक्कं होतं: सिंथेसायझर म्हणजे खोटं वाजवणं. मुलगा टेक्नोच्या कॅसेटी लावायचा. "आवाज कमी कर, कान सांभाळ," असं मी ओरडायचो. एकदा तर त्या कपाटात कुलूपबंद केल्या.

कान गेले ते माझेच. तोफांच्या आवाजाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. व्हायोलिनची धार बोथट झाली. मैफलीला जाणंच सोडलं.

इथे शेजारच्या मामी पहाटे इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी लावून गातात. त्या यंत्राला कोणी खोटं म्हणत नाही. मग माझाच हट्ट कशासाठी?

म्हणून चरणजित सिंग ऐकले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा मुंबईचा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगाने कान टवकारले. मला त्यातला भैरव ओळखू आला, आणि खालचा ठेका तर छातीतच ऐकू आला. तिथे माझे कान अजून शाबूत आहेत.

मुलाला फोन केला. म्हटलं, "त्या कॅसेटींच्या बाबतीत मी चुकलो."

तो म्हणाला, "बाबा, आधी आवाज कमी करा. कान सांभाळा."