गुणवत्तेची मोजपट्टी कोणाच्या हाती?



अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमासाठी २०२४ साली सुमारे ५४ हजार अर्ज आले. त्यांतून दोन हजारांहूनही कमी विद्यार्थी निवडले गेले. शंभरांत चौघांनाही जेथे दार उघडत नाही, तेथे प्रवेश मिळविण्यास काय लागते, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : गुणवत्ता. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. गुणवत्ता कशाला म्हणावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यात वगळलेला असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डमधील प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर अवलंबून असे. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुले या परीक्षेत चमकू लागली आणि १९२२ च्या सुमारास ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्यावर गेले. तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी त्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा आग्रह धरला. उघड कोट्यास अध्यापकांनी नकार दिला. मग १९२६ पासून दुसरा मार्ग अवलंबण्यात आला. 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना महत्त्व आले, अर्जासोबत छायाचित्र मागण्यात येऊ लागले आणि निवड अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपविली गेली. ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. बाहेरचे लोक पट्टीला उतरू लागताच पट्टीच बदलण्यात आली.

पुढे तो द्वेष ओसरला. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर कृष्णवर्णीयांसाठीही दार काहीसे उघडले. मर्जीचा अधिकार मात्र कायम राहिला. २०१८ साली बोस्टन येथे चाललेल्या खटल्यात त्याचा हिशेब उघड झाला. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश अर्जदारांना प्रवेश मिळत होता. इतरांपैकी शंभरांत सहा जणांना. शिवाय देणगीदारांच्या व प्रतिष्ठितांच्या मुलांसाठी अधिष्ठात्यांची स्वतंत्र यादी होती.

ही मुले अभ्यासातही पुढे असतात, असे यावर समर्थन केले जाते. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी हार्वर्डसह बारा नामवंत विद्यापीठांचा अभ्यास करून २०२३ साली त्यास उत्तर दिले. प्रवेशपरीक्षेतील गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तेथे पोहोचतात, असे त्यांना आढळले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती आणि शाळेबाहेरील कर्तबगारीला दिलेले वजन, ही त्यामागील कारणे होत.

गरीब घरच्या निवडलेल्या विद्यार्थ्यांचा खर्च हार्वर्ड उचलते, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. पण हे औदार्य दाराच्या आतले आहे. तलवारबाजी वा नौकानयन शिकण्याची सोय ज्याच्या गावात नाही, शाळा सुटल्यावर ज्याला दुकानात काम करावे लागते, त्याचे 'व्यक्तिमत्त्व' दारापाशीच उणे भरते.

२०१९ साली प्रशिक्षकांना लाच देऊन आपली मुले खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसविणारे धनिक पकडले गेले. त्यांच्या दलालास २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, ते योग्यच झाले. पण तोच पैसा विद्यापीठाला देणगी म्हणून दिला आणि मुलाकडे कृपादृष्टी वळली, तर तो गुन्हा ठरत नाही. त्याच वर्षी, २९ जून २०२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरविले. वंशपरंपरेचा विचार मात्र अबाधित राहिला.

हे अटळ आहे असेही नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देत नाही आणि तिची प्रतिष्ठा त्यामुळे घटलेली नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा करून खाजगी विद्यापीठांनाही ही प्रथा बंद करण्यास सांगितले.

राखीव जागांमुळे गुणवत्ता बुडते असे म्हणणारे आपल्याकडे परदेशी विद्यापीठांकडे बोट दाखवितात. तेथेही राखीव जागा होत्या आणि आहेत, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. त्या वाडवडिलांच्या नावावर राखलेल्या आहेत, इतकेच. गरिबाच्या मुलाला सवलत मिळाली की गुणवत्तेचा प्रश्न उभा राहतो. श्रीमंताच्या मुलाला मिळाली की ती परंपरा ठरते. ज्या समाजाला खरोखर गुणवत्ता हवी असेल, त्याने प्रथम पट्टी धरणारा हात तपासून पाहावा.