गोडाऊनमधला माल कुणाचा?

आज आपण एकाच शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द रोजच्या वापरातला आहे. रेशनचा गहू कुठून येतो? गोडाऊनमधून. सिलिंडर कुठं आहे? गोडाऊनला. खताची गाडी कुठं उतरली? गोडाऊनला. शाळेत न गेलेली आजीसुद्धा हा शब्द बिनचूक वापरते.

इंग्रजीत तो जी, ओ, डी, ओ, डब्ल्यू, एन असा लिहितात. अक्षरं सुटी केली की ‘गो’ म्हणजे जा आणि ‘डाऊन’ म्हणजे खाली. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, खाली तळघरात उतरून माल ठेवायचा म्हणून गोडाऊन. आपल्याकडची पेवं खरोखरच अशी जमिनीत असत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्ध आहेत. पण या शब्दाचा खाली जाण्याशी काही संबंध नाही.

मुळात तो इंग्लंडचा शब्दच नाही. तिकडं कोठाराला ‘वेअरहाऊस’ म्हणतात. गोडाऊन हा आशियातल्या बंदरांवरचा शब्द. मलाया भागात ‘गुदांग’ म्हणत, तमिळमध्ये ‘किडंगु’. समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी तो उचलला आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा गोडाऊन झाला. आपलं ‘गोदाम’ किंवा ‘गुदाम’ हेही त्याच घरातलं. तमिळमध्ये ‘किड’ म्हणजे पडून असणं. म्हणजे गोडाऊन ही माल पडून राहण्याची जागा.

आपला दुसरा शब्द ‘वखार’. वखर नव्हे बरं का! वखर हे शेतातलं अवजार, वखार हे कोठार. लाकडाची वखार आपण म्हणतोच. शिवाजी महाराजांनी १६६१ साली राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, हे आपण शाळेत शिकलो. त्या वखारीला इंग्रज स्वतः ‘फॅक्टरी’ म्हणत, पण तिथं कारखाना नव्हता. ती व्यापाऱ्यांच्या मालाची आणि राहण्याची जागा होती. आजही सरकारी महामंडळाच्या पाटीवर हाच जुना शब्द आहे : महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ.

आता हे सगळं कशासाठी सांगते? तर गोडाऊन हा शब्द माल कुठं पडला आहे एवढंच सांगतो. तो कुणाचा आहे, विकला आहे की नुसता ठेवला आहे, हे सांगत नाही. आणि आपलं नुकसान नेमकं तिथंच होतं.

सुगीत भाव पडलेला असतो. घरात जागा नसते. मग पोती व्यापाऱ्याच्या गोडाऊनला टाकायची, भाव नंतर ठरवू म्हणायचं, अशी रीत काही ठिकाणी आहे. हातात काय मिळतं? वहीतल्या पानाची चिठ्ठी. तिच्यावर आकडा असतो, पण ‘ठेवला’ की ‘विकला’ ते लिहिलेलं नसतं. उद्या व्यापाऱ्यानं तो माल परस्पर विकला, तर तो आपला होता हे दाखवायचं कशावरून?

नोंदणीकृत वखारीत माल ठेवला की मिळते ती वखार पावती. तिच्यासाठी २००७ सालचा केंद्राचा कायदा आहे. नोंदणी झालेल्या वखारीच्या पावतीवर वखारीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, माल ठेवणाऱ्याचं नाव, तारीख, मालाचं वजन, प्रत आणि ठेवतानाची किंमत, भाड्याचा दर आणि विम्याची माहिती असते. तिथं ‘निगोशिएबल’ असा एक अवघड शब्दही दिसेल. त्याचा अर्थ, ही पावती दुसऱ्याच्या नावे करता येते, आणि मग माल त्याचा होतो. म्हणून अशी पावती चेकसारखी जपायची. हल्ली ती संगणकावर, खात्यात नोंद होऊन मिळते.

या पावतीचा दुसरा उपयोग म्हणजे कर्ज. शिवाय पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. माल शेतकऱ्याचा हवा, व्यापाऱ्याचा चालत नाही. तूर, सोयाबीन, हरभरा अशा मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी.

हिशेब करून पाहू. समजा १० क्विंटल तूर आहे आणि भाव ७,००० रुपये धरला. किंमत झाली ७०,००० रुपये. कर्ज मिळेल ५२,५०० रुपयांपर्यंत. सहा महिन्यांचं व्याज साधारण दीड हजार रुपये. त्या पैशात बियाणं, शाळेची फी, दवाखाना निघतो आणि तूर आपलीच राहते. भाव वाढला तर विकून कर्ज फेडायचं. मात्र भाव वाढेलच असं नाही, हेही धरून चालावं. आपली बाजार समिती ही योजना राबवते का, हे आधी विचारून घ्यावं.

माल नेण्याआधी तो नीट वाळवा. तूर, सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर बुरशी धरते. वखारीत गेल्यावर पोती थेट फरशीवर आहेत की लाकडी फळ्यांवर, भिंतीला चिकटून आहेत की अंतर सोडून, ते डोळ्यांनी पाहा. भाड्यात शेतकऱ्यांना सवलत आहे का, तेही विचारा.

आणि पावतीवरचं नाव वाचा. गटानं मिळून माल ठेवला असेल तर नाव गटाचं हवं. एकटीच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या नावावर पावती झाली, तर कागदोपत्री माल त्यांचाच होतो. माणसं चांगली असली तरी कागद कागदासारखाच वागतो.

येत्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं घरातल्या चिठ्ठ्या, पावत्या घेऊन या. एकीनं मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी तीन प्रश्न विचारा. वजन लिहिलंय का? नाव कुणाचं आहे? ‘ठेवला’ लिहिलंय की ‘विकला’? ज्या चिठ्ठीला तिन्ही उत्तरं नाहीत, ती घेऊन दोघीतिघी मिळून त्या गोडाऊनवर जा आणि पक्की पावती मागून घ्या.