आमच्या घरात चुली किती?



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे ते आमचे गणिताचे सर. बी. ए. ला समाजशास्त्र घेणार, असे मी त्यांना १९६४ साली सांगितले. गणितात कच्चे असलेले विद्यार्थीच तिकडे वळतात अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती, आणि माझ्यापुरती ती खरीही होती. सर म्हणाले, "तिथंसुद्धा मोजावं लागेल. सुटलास असं समजू नकोस."

सर बरोबर होते. आपल्या वडोदऱ्यातील हा विभाग तेव्हा तसा तरुण होता. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचे अध्यापन सुरू केले. पुढे ते मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी नावारूपास आणले. घुर्यांचे शिष्य एम. एन. श्रीनिवास १९५१ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले आणि १९५९ साली दिल्लीला गेले. मी त्यांना वर्गात पाहिले नाही. परंतु ग्रंथांत लिहिलेला समाज निराळा आणि डोळ्यांनी पाहिलेला समाज निराळा, हा त्यांचा धडा विभागात मागे राहिला होता. आम्हांला तो पहिल्याच वर्षी गिरवावा लागला.

आमच्या एका प्राध्यापकांनी प्रत्येकाला छापील तक्ता दिला व स्वतःच्याच घराची माहिती भरून आणण्यास सांगितले. सोपे काम! दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात आजी, आईवडील, काका-काकू आणि आम्ही सहा भावंडे. 'कुटुंबाचा प्रकार' या रकान्यात मी मोठ्या अक्षरांत 'एकत्र' असे लिहिले. प्राध्यापकांनी विचारले, "चुली किती?" काकूंचा स्टोव्ह तीन वर्षांपासून माडीवर होता. सणावारी पंगत एक. एरवी स्वयंपाक दोन. "मग घरे दोन," असे म्हणून त्यांनी माझा शब्द खोडला.

हे मी घरी सांगितले ही माझी चूक झाली. आईने हातातले उलथने खाली ठेवले. "भाऊजींच्या आजारपणात रात्री कोण बसलं होतं? तुझी फी कोणी भरली? तुझ्या मास्तरांना म्हणावं, चुली मोजून घर कळत नाही." वडील काहीच बोलले नाहीत. माडीवर हे ऐकू गेलेच होते. काकू दोन दिवस खाली आल्या नाहीत. ज्या गोष्टीला घरात कोणी नाव दिले नव्हते तिला एका विद्यार्थ्याच्या तक्त्याने नाव दिले. ज्ञानाची किंमत कधीकधी दुसऱ्यांना मोजावी लागते, हे मला त्या दोन दिवसांत कळले. त्याचा संकोच अजून गेलेला नाही.

गंमत अशी की, शास्त्रातही नेमका हाच वाद चालू होता. याच विभागात शिकवणाऱ्या आय. पी. देसाई यांचा सौराष्ट्रातील महुवा येथील कुटुंबांविषयीचा ग्रंथ १९६४ सालीच प्रसिद्ध झाला होता. एकत्रपण हे छपराखाली किंवा चुलीपाशी न शोधता मालमत्तेत, परस्परांच्या जबाबदाऱ्यांत आणि कर्तव्यांत शोधले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे माझी आई! दुसरीकडे ए. एम. शहा यांनी 'घर' आणि 'कुटुंब' या दोन कल्पना काटेकोरपणे वेगळ्या केल्या. गुजरातेतील एका खेड्याच्या १८२५ सालच्या नोंदींवरून लहान घरे तेव्हाही पुष्कळ होती, हे त्यांनी १९७३ च्या ग्रंथात दाखवले. पूर्वी सारे एकत्र नांदत आणि आता मोडले, ही आपली आवडती कथा त्या नोंदींपुढे टिकत नाही. म्हणजे माझे प्राध्यापकही बरोबर. पदवीच्या तीन वर्षांत मी जे शिकलो त्यातील निम्मे या भांडणात आले.

उरलेले निम्मे मात्र एका ओळीत होते. तक्त्याच्या शेवटी प्रश्न होता : घरात नित्य येणाऱ्या, परंतु घरातील नसलेल्या व्यक्ती. मी दूधवाला, भांडीवाली आणि भटजी लिहिले. प्राध्यापकांनी विचारले, "आणि मागच्या दाराने?" मागच्या बोळातून संडास साफ करणारी बाई रोज पहाटे येई. मी तिला जन्मापासून पाहत होतो आणि ती मला आठवलीच नाही. नाव विचारावे म्हणून आजीकडे गेलो. आजीला ठाऊक नव्हते. वाड्यात कोणालाच नव्हते.

आपले हे शहर शिक्षणासाठी प्रसिद्ध. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१३ साली डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठवले. तेथे १९१६ साली त्यांनी जातिसंस्थेवर जो निबंध वाचला तो आजही समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रथम वाचावा असा आहे. तेच विद्वान १९१७ साली राज्याच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. एका हिंदू स्नेह्याने सांगितले की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाटी बागेत बसून राहिले. ही त्यांनीच लिहिलेली हकीकत मी फार उशिरा वाचली. बागेपासून आमचा वाडा चालत जाण्याच्या अंतरावर. माडीवरची खोली, जिथे पुढे काकूंचा स्टोव्ह आला, ती तेव्हा रिकामी असे. हे आजीनेच मला सांगितले होते.

तो तक्ता मी जपून ठेवला आहे. आज बरोबर आणला असून शाळेच्या ग्रंथालयाकडे सोपवतो आहे. 'एकत्र' हा शब्द लाल शाईने खोडलेला त्यावर दिसेल. शेवटच्या ओळीत नावाची जागा मात्र कोरी आहे.