चाळा, नाद आणि व्यसन

सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागांतले आईवडील मला एकच गोष्ट विचारतात : "सर, पोराला मोबाइलचं व्यसन लागलंय का, ते एकदा मोजून सांगा." मोजायची सोय आहे. पण त्या मोजपट्टीबद्दल आज नीट बोलायला हवं, कारण तिच्यातून निघालेला आकडा पोराला घरात आणि कॉलेजात चिकटून बसतो.

2013 मध्ये दक्षिण कोरियात मिन क्वॉन आणि सहकाऱ्यांनी दहा विधानांची छोटी प्रश्नावली तयार केली. ठरवलेलं काम फोनमुळे राहतं, वर्गात लक्ष लागत नाही, मान किंवा मनगट दुखतं, फोन हाती नसला की जीव कासावीस होतो, आजूबाजूचे लोक टोकतात, अशी ती विधानं. 'अजिबात पटत नाही'ला 1 गुण, 'पूर्ण पटतं'ला 6. मुलांसाठी 31 आणि मुलींसाठी 33 ही धोक्याची रेघ.

आता हिशेब करून पाहा. एखाद्या मुलाने दहाही ठिकाणी 'फारसं पटत नाही' म्हणून 3 वर खूण केली, की बेरीज होते 30. त्याच मुलाने दोनच विधानांना 'थोडंसं पटतं' म्हटलं, की 32. म्हणजे आठ गोष्टी नाकारूनही तो रेघेपलीकडे गेला! शिवाय ही रेघ आखली ती 540 कोरियन शाळकरी मुलांवरून, ज्यांचं सरासरी वय साडेचौदाच्या आसपास होतं. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात शिकणाऱ्या, घरखर्चाला हातभार लावणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना आपण तीच लावणार का?

माझ्याकडे आलेल्या एका मुलाची बेरीज रेघेच्या बरीच वर होती. त्याचे वडील लूम्सवर, आई साड्यांना लेस लावते. तो स्वतः कॉलेज सांभाळून एका एम्ब्रॉयडरी खात्यात, म्हणजे कारखान्यात, रात्रपाळी करतो. पाळी कोणती, हे व्हॉट्सॲपवर कळतं. मेसेज चुकला तर रोजी बुडते. "फोन जवळ नसला की मी बेचैन होतो" या विधानावर त्याने 6 लिहिलं, आणि ते खरंच होतं. पण ते व्यसन होतं का?

आपल्या भाषेत चाळा वेगळा, नाद वेगळा आणि व्यसन वेगळं. चाळा हाताला असतो, नाद मनाला. व्यसन झोप, अभ्यास, नातं खाऊ लागतं आणि सोडावंसं वाटूनही सुटत नाही. दहा विधानांची बेरीज या तिघांना एकाच गोणीत भरते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये याच धर्तीवर मित्रांना प्रत्यक्ष भेटण्याच्या 'व्यसना'ची प्रश्नावली करून पाहिली. 807 जणांपैकी 69 टक्के लोक 'व्यसनी' निघाले. माणसांची ओढ हा आजार ठरला, यावरूनच मोजमापातली गफलत ओळखावी.

पालकांची काळजी मात्र खोटी नाही. पहाटे तीनपर्यंत गेम खेळून परीक्षा बुडवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना मदत मिळायलाच हवी. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून यासाठी स्वतंत्र सेवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेमिंगच्या विकाराला जागा आहे, पण स्मार्टफोनच्या व्यसनाला नाही. त्या विकाराच्या व्याख्येतही तास मोजलेले नाहीत. ताबा सुटला का, बाकीचं आयुष्य मागे पडलं का, हे त्यात पाहिलं जातं.

म्हणून मी पालकांना एक वही ठेवायला सांगतो. रात्री झोप किती झाली, कोणतं काम राहिलं, जेवायला हाक मारल्यावर फोन खाली ठेवला का, आणि हातात फोन होता तो कशासाठी? शेवटचा रकाना मुलाने स्वतः भरायचा. फोनमधला स्क्रीन टाइम सोबत ठेवा, कारण अंदाज फसतात. 2015 च्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात लोकांनी जितक्या वेळा फोन पाहतो असं सांगितलं, त्याच्या साधारण दुपटीने ते पाहत होते.

त्या एम्ब्रॉयडरीवाल्या मुलाने वही भरली. शेवटच्या रकान्यात बहुतेक दिवस एकच शब्द होता : पाळी. दिवाळीत खातं बंद झालं, तेव्हा तो उधन्याहून गाडी पकडून अमळनेरजवळच्या गावी आजीकडे गेला. परत आल्यावर म्हणाला, "सर, दोन दिवस फोन कोनाड्यातच होता. चार्जर न्यायचाच विसरलो होतो."