ओझ्याची बांधणी

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर यवत मागे पडले की भांडगाव लागते. दौंड तालुक्याचा हा भाग कालव्याच्या पाण्यावर पिकणारा, उसाचा. गाळपाचा हंगाम आला म्हणजे या बाजूच्या रस्त्यांवरून मोळ्यांनी भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या साखर कारखान्यांची वाट चालू लागतात. शहरातून मोटारीने येणाऱ्या प्रवाशास त्यांचा उपद्रवच वाटतो. परंतु त्याने घटकाभर थांबून मोळी कशी रचली आहे आणि नाडा कोठून कोठे आवळला आहे इकडे लक्ष दिले, तर त्याला एका जुन्या विद्येचे दर्शन घडेल. ती विद्या ओझे बांधण्याची. ती पुस्तकांतून सहसा शिकवली जात नाही, आणि तिच्यावाचून कोणतेही ओझे सुखरूप मुक्कामी पोहोचत नाही.

या विद्येची कसोटी पाहणारे एक ओझे म्हणजे ट्रेलरवर चढवून न्यावयाची जुनी जीप. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. त्यांतील कित्येक हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर खाजगी मालकांच्या हाती गेल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केला, तेव्हा तर ही गाडी खेड्यापाड्यांत पोहोचली. मामलेदाराच्या दौऱ्यात जीप, निवडणुकीच्या प्रचारात जीप, आडरानातील बांधकामावरही जीप, असा तो काळ होता.

अशी एखादी गाडी भांडगावातील एका वाड्याच्या पडवीत कित्येक वर्षे धूळ खात पडली आहे, घरातील तरुण नातवाने ती खटपट करून नीट केली आहे, आणि आता ती मुंबईच्या एखाद्या प्रदर्शनास न्यावयाची आहे, अशी कल्पना करू. ती चालवतच का नेऊ नये, असे कोणी विचारील. कायद्याची तशी आडकाठी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी ती चालवता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. आडकाठी आहे ती गाडीच्या वयाची. पाऊणशे वर्षांच्या यंत्राला दोनशे किलोमीटर दामटणे आणि त्या ब्रेकांच्या भरवशावर बोरघाट उतरणे, हे धाडस असेल, शहाणपण नव्हे. म्हणून ट्रेलर.

परंतु ट्रेलर दारात आला की एक मोठा भ्रम माणसाच्या मनाचा ताबा घेतो. “अहो, अकराशे किलोंचे धूड आहे हे!” घरातील वडीलधारे म्हणतात. “हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, वरून एक दोर मारा. जाते कुठे?” ओझे जड असल्यामुळे ते जागचे हलणार नाही, ही समजूत फार जुनी आणि फार घातक आहे. वजन ओझ्याला केवळ खाली दाबते. पुढे, मागे किंवा बाजूस जाण्यापासून ते त्याला बांधून ठेवीत नाही. उलट, ओझे जितके जड, तितकी एकदा मिळालेली गती सोडण्यास ते नाखूश. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी १८ मीटरांच्या अंतरात उभी करावी लागली, तर त्या जीपला जागेवर धरून ठेवण्यास सुमारे पावणेनऊशे किलोंच्या ओढीइतके बळ लागते. वेग दुप्पट झाला, तर तितक्याच अंतरात थांबण्यास बळ चौपट लागते. म्हणूनच इंग्लंडातील मालवाहतुकीच्या मार्गदर्शिकेत असे सांगितले आहे की, बांधणीने पुढच्या दिशेस ओझ्याचे संपूर्ण वजन आणि मागील व दोन्ही बाजूंच्या दिशांस निम्मे वजन पेलले पाहिजे.

हँडब्रेकचे म्हणाल, तर या जुन्या जीपमध्ये तो चाकांवर नसतोच. इंजिनाची शक्ती मागच्या आसाकडे नेणाऱ्या दांड्यावर तो बसविलेला असतो. त्यामुळे पुढच्या चाकांना त्याचा काही धाक नाही. आणि मागचे एखादे चाक उचलले गेले किंवा घसरले, की दोन चाकांमधील दंतचक्रांमुळे दोन्ही चाके परस्परांच्या उलट फिरू शकतात. गिअरचीही तीच कथा. जीपला मुख्य गिअरखेरीज शक्ती वाटून देणारी दुसरी पेटी असते. तिचा दांडा मधल्या स्थितीत राहिला, तर मुख्य गिअर घातला काय आणि न घातला काय, सारखेच. तेव्हा हँडब्रेक आणि गिअर हे मदतनीस समजावेत. कारभार त्यांच्या हाती सोपवू नये.

मग दोरच दोर मारावेत काय? तेही पुरत नाही. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बग्राम येथून एक मालवाहू बोइंग ७४७ विमान उडाले. त्याच्या पोटात सुरुंगांना दाद न देणारी पाच अवजड लष्करी वाहने पट्ट्यांनी बांधलेली होती. उड्डाण करताच निदान एक वाहन सुटून मागे सरकले, त्याने विमानाची शेपटी सांभाळणारी यंत्रणा मोडली, आणि विमान धावपट्टीजवळच कोसळून त्यातील सातही जण प्राणास मुकले. एकेका वाहनास वीसहून अधिक पट्टे बांधलेले होते. चौकशीत जे उघडकीस आले ते प्रत्येक बांधणाऱ्याने ध्यानात धरावे असे आहे: पट्ट्याचे खरे बळ तो कोणत्या कोनात ओढला आहे यावर ठरते, आणि या गोष्टीचा हिशेब तेथे झालेला नव्हता.

हा हिशेब अवघड नाही. पट्टा आडव्या पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करून ओढला, तर त्याच्या ताणाचा सुमारे सात दशांश भाग आडव्या दिशेने उपयोगी पडतो. ६० अंशांचा केला, तर निम्माच उरतो. आणि पट्टा सरळ उभा खाली ओढला, तर जीपला पुढे जाण्यापासून थेट अडविणारे बळ त्यात जवळजवळ काहीच राहत नाही. वरून मारलेला एकुलता एक दोर दिसायला भक्कम दिसतो, पण त्याचे काम बहुतेक दाबण्याचे असते, धरण्याचे नव्हे.

म्हणून पट्टे चार हवेत, चार कोपऱ्यांना, आणि परस्परांच्या विरुद्ध ओढणारे हवेत. पुढच्या आसापासून निघालेली जोडी ट्रेलरच्या पुढच्या टोकाकडे, आणि मागच्या आसापासून निघालेली जोडी मागच्या टोकाकडे. येथे एक गंमत आहे. ब्रेक दाबल्यावर जीप पुढे धावू पाहते, तेव्हा तिला थोपवितात ते पुढचे पट्टे नव्हेत. मागचे पट्टे तिला थोपवितात. पुढची जोडी जागी होते ती चढावर आणि एकाएकी वेग घेताना. पुष्कळजण पुढची बांधणी काळजीने करतात आणि मागची उरकतात. खरे पाहता घाटाच्या उतारावर सारा जीव मागच्या दोन पट्ट्यांवर टांगलेला असतो.

पट्टे आसालाच का बांधावयाचे, गाडीच्या सांगाड्याला का नाही? याचे कारण कमानपाटे. ट्रेलर खड्ड्यात आपटला की जीपचे कमानपाटे दबतात. सांगाड्याला बांधलेला पट्टा त्या क्षणी सैल पडतो, आणि तेवढ्या सवडीत आकडा कडीतून निसटू शकतो. पट्टा आसाला असला, तर सांगाडा वर खुशाल डुलत राहो, खालची पकड ढिली होत नाही. जीपचे दोन्ही आस सरळ आणि मजबूत असल्यामुळे हे काम सोपे आहे. मात्र आसालगत गेलेली ब्रेकची नळी चेपू नये, आणि चाके वळविणाऱ्या दांड्यास आकडा कदापि अडकवू नये. चाकांतील हवाही आधी पारखून घ्यावी. जुनी ट्यूब वाटेत बसली, की जीप त्या कोपऱ्यात खाली येते आणि तेथील पट्टा ढिला होतो.

ओझे कोठे ठेवावे, हे बैलगाडीवाल्यास सांगावे लागत नाही. माल मागे अधिक झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे अधिक झाला की सारा भार त्यांच्या मानेवर येतो. ट्रेलरचा न्याय हाच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या गाडीच्या जोडणीवर यावा. जीप आणि ट्रेलर मिळून १६०० किलो भरत असतील, तर तेथे दीडशे किलोंच्या आसपास भार हवा. माल मागे झुकलेला असला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि पुढच्या गाडीलाही आपल्याबरोबर ओढतो. जीपचे इंजिन पुढे असल्याने ती तोंड पुढे करून चढवावी आणि वीतभर पुढेमागे सरकवून तोल साधावा. मग चाकांना पुढून आणि मागून उटी लावावी. पण रस्त्यावरचा दगड उचलून नव्हे, तर ट्रेलरच्या तळाशी पक्का केलेला लाकडी ठोकळा घालून.

पट्टा नवा असो वा जुना, त्यावर शिवलेली चिठ्ठी वाचावी. तुटण्याचे बळ आणि वापरण्याचे बळ यांत मोठे अंतर असते; हिशेब नेहमी दुसऱ्याचा करावा. पट्ट्याला गाठ मारली की त्याचे बळ पुष्कळ घटते, आणि लोखंडाच्या धारेवरून तो गेला तर कापला जातो. अशा ठिकाणी खाली चामडे किंवा जाड किंतान घालावे. पूर्वी गाडीवाले नाड्यात काठी घालून पीळ देत, तेच काम आता रॅचेटचा खटका करतो. काठीला जसा शेवटी अडकाव लागे, तसा खटक्यालाही लागतो. उरलेले टोक बांधून टाकावे, नाहीतर ते वाऱ्याने फडफडत सुटते. जीपचे कापडी छत काढून ठेवावे. फावडे, कुऱ्हाड, तेलाचा डबा यांपैकी काहीही तिच्यावर राहू देऊ नये. बॅटरीची तार सोडावी.

एवढे करूनही काम संपत नाही, कारण पहिल्या काही मैलांत प्रत्येक ओझे थोडे तरी बसते आणि प्रत्येक पट्टा थोडा तरी ताणतो. अमेरिकेतील मालवाहतुकीच्या नियमांत पहिल्या ५० मैलांच्या आत बांधणी पुन्हा तपासण्याची सक्ती आहे ती यासाठीच. भांडगावहून निघालेल्याने यवतलाच एकदा उतरावे, हाताने चारही पट्टे चाचपावेत, आणि लोणावळ्यास घाट उतरण्यापूर्वी पुन्हा उतरावे. प्रत्येक वेळी पाच मिनिटे जातील. त्या ट्रेलरच्या मागून मुलाबाळांसह एखादे कुटुंब आपल्या छोट्या मोटारीतून किंवा फटफटीवरून येत असते. पुढच्या पट्ट्यांचा कोन, आकडा, गाठ यांतले त्याला काही दिसत नाही. बांधणाऱ्याने काम नीट केले असेल, एवढ्याच भरवशावर ते त्या ओझ्याच्या मागे चालते. ती पाच मिनिटे त्या कुटुंबाचा हक्क आहेत.