दुष्काळनिधी आणि रोगनिवारण
(देणगीदारांच्या सभेत समितीतर्फे केलेले भाषण)



दुष्काळ म्हटला की धान्याची पोती डोळ्यांपुढे येतात, व आपले औदार्यही त्याच वाटेने वाहते. ते योग्यच आहे. तथापि १८७६ ते ७८ व १८९६-९७ च्या दुष्काळांत जी माणसे दगावली, त्यांपैकी फार मोठा भाग निव्वळ उपासाने नव्हे, तर पटकी, हिवताप, हगवण ह्यांनी गेला. अंगात त्राण नाही, विहीर आटलेली, आणि दुष्काळी कामावर माणसांची दाटी. रोगास याहून अधिक काय हवे?

१८९६ साली मुंबईत प्लेग प्रथम आढळला तो मांडवीस, धान्याच्या वखारींच्या भागात. उंदरावरील पिसवेपासून माणसास हा रोग होतो, हे सीमों ह्या फ्रेंच वैद्यकज्ञाने १८९८ साली कराचीस दाखविले. (व्यापारी मंडळींस एवढेच विनवितो की, वखार स्वच्छ राखणे हाही दानधर्मच आहे.)

त्याच साथीत १८९७ साली पुण्यास सावित्रीबाई फुले ह्यांनी आपले पुत्र डॉ. यशवंतराव ह्यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा केली, व त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. देवघरे तुडविली गेली, माणसे बळाने नेली. लोकांनी रोगी लपविले, आणि २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड ह्यांजवर गोळी झाडली गेली. रोग्यास वेगळे ठेवणे हा उपाय खोटा नव्हता. तो ज्यांच्या हिताचा, त्यांचाच विश्वास मिळविला नव्हता.

आजही पाऊस ओढ देतो तेव्हा घरोघर पिपांत पाणी साठविले जाते व त्यात डेंग्यूचे डास वाढतात. ऊसतोडीस गेलेल्यांची मुले गावच्या लसीकरणास मुकतात. पाण्यात टाकावयाच्या औषधाचा वास येतो म्हणून ते ओतून देऊन ओढ्याचे पाणी भरणारी घरे आम्ही पाहतो. त्यांस दटावून काही होत नाही. त्याच वस्तीतील ओळखीच्या बाईने समजाविले तर पुष्कळ होते.

म्हणून आमचे मागणे असे की, निधीचा काही भाग अशा स्त्रियांच्या वेतनासाठी, झाकणाच्या पिपांसाठी, टँकरचे पाणी तपासण्यासाठी व ऊसतोडीच्या तळांवर जाऊन लसीकरणाची सोय करविण्यासाठी खर्चण्याची मोकळीक द्यावी. ह्या खर्चाचे फळ पोत्यांसारखे मोजून दाखविता येणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. हिशेब मात्र दरमहा सभेपुढे ठेवू. पहिला हप्ता चैत्राअखेर हाती आल्यास विहिरींचा गाळ ज्येष्ठापूर्वी काढून होईल.