डोंगरउतारावरची गावं : इटलीपासून मांडवपर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात उभं राहून आज मला मांडूविषयी बोलायचं आहे. आपल्याकडची जुनी माणसं मांडूला मांडवच म्हणतात, तेव्हा विषय मांडवाबाहेरचा आहे अशी तक्रार कुणी करू नये.

हा विषय सुचला तो माझ्या भाचीमुळे. ती इटलीला जाऊन आली. समुद्रावरच्या कड्याला चिकटलेल्या रंगीबेरंगी घरांचे फोटो तिने दाखवले आणि विचारलं, "मामा, ही माणसं इतक्या अडचणीच्या जागी राहायला गेली तरी कशाला?" प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना मी इटलीहून फिरत फिरत आपल्या देवास जिल्ह्यातच येऊन पोचलो.

भूमध्य समुद्राच्या काठची माणसं डोंगरावर गेली ती हौसेने नव्हे. समुद्रातून चाचे यायचे, गावं लुटायचे, माणसं धरून न्यायचे. सखल भागात दलदल होती आणि दलदलीत हिवताप. शिवाय सपाट जमीन मुळात थोडी, तीत घरं बांधली तर पिकवायचं कुठे? म्हणून घरं चढावर, एकमेकांना टेकून. आणि शेतीही चढावरच. उतार कापून पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीला दगडाचा बांध घालायचा आणि त्यावर द्राक्षं, ऑलिव्ह लावायचे. या बांधांत चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड असा बसवायचा की पाणी झिरपून जाईल, पण माती अडेल. ही कला एवढी मोलाची की २०१८ साली युनेस्कोने आठ युरोपीय देशांच्या नावे तिची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली.

माझ्या भाचीने पाहिलेला भाग म्हणजे चिंक्वे तेर्रे, समुद्रकाठची पाच गावं. १९९७ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या अशा गावांतली तरुण मंडळी कारखान्यांत, शहरांत, परदेशात गेली. मागे म्हातारे राहिले. बांधाचा एक दगड निसटला की तो लगेच बसवावा लागतो, नाहीतर पुढच्या पावसात दहा निसटतात. तो बसवायला हात उरले नाहीत. २५ ऑक्टोबर २०११ ला मोठा पाऊस झाला आणि डोंगरावरची माती, दगड, झाडं वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो या दोन गावांत उतरली. माणसं दगावली, रस्ते चिखलात गाडले गेले. पाऊस भयंकर होता हे खरंच. पण ओसाड पडलेल्या बांधांनी त्यात भर घातली, असं तिथल्या जाणत्यांचं म्हणणं आहे.

आपल्यापैकी ज्यांचं मूळ गाव कोकणात आहे त्यांना हे सांगायला नको. आपला गडगा म्हणजे तोच, दगडावर दगड रचलेला. पाखाडी म्हणजे तीच पायऱ्यांची वाट. आणि चाकरमानी गणपतीला घरी येतो, तेव्हा दाराशी पडलेला गडगा पाहून तोच हळहळतो.

आता घराजवळ येऊ. लोहारदा हे विंध्याच्या खालच्या अंगाला, नर्मदेच्या खोऱ्यातलं गाव. कन्नौदहून इंदूरकडे जाताना धनतालाबचा घाट चढला की माळव्याचं पठार लागतं. हीच विंध्याची कड पश्चिमेकडे धार जिल्ह्यात जाते, आणि तिथे पठारापासून जवळजवळ सुटलेल्या एका डोंगरावर मांडव बसलेलं आहे. उंची सुमारे ६३३ मीटर. मध्ये काकडा खोहची खोल दरी, दक्षिणेला एकदम तुटलेला कडा आणि खाली निमाड. हवा स्वच्छ असली तर रूपमतीच्या मंडपातून नर्मदेची रेघ दिसते.

पण नर्मदा दिसणं वेगळं आणि घागरीत येणं वेगळं. डोंगरावर नदी नाही. जे काही पाणी मिळायचं ते चार महिन्यांच्या पावसातच. १५व्या शतकाच्या सुरुवातीला होशंगशाहाने धारहून राजधानी इथे आणली, तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचाच असणार. आपण जहाज महालात जातो तेव्हा त्याची लांबी पाहतो, मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये तो जहाजासारखा कसा दिसतो ते पाहतो. पुढच्या वेळी गेलात तर गच्चीवरची पन्हळ जरूर पाहा. ती सरळ नाही, गोगलगाईच्या शंखासारखी वळत वळत जाते. पाण्याचा वेग कमी व्हावा, गाळ मागे राहावा आणि निवळ पाणी हौदात पडावं, यासाठी ती युक्ती. त्याशिवाय चंपा बावडी, उजाली बावडी, अंधारी बावडी, सागर तलाव आणि रेवाकुंड. परिक्रमावासी रेवाकुंडाला नर्मदेचंच रूप मानतात आणि खास डोंगर चढून तिथे जातात. नेमावरला नर्मदेची नाभी मानणाऱ्या आपल्या लोकांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

१५६१ मध्ये अकबराच्या फौजेने बाजबहादुराचा पराभव केला आणि मांडवची राजधानी गेली. त्यानंतर जवळजवळ पन्नास-साठ वर्षांनी, १६१७ च्या मार्चमध्ये, जहांगीर बादशहा प्रचंड लवाजमा घेऊन वर आला. त्याच्याबरोबर इंग्रज वकील सर टॉमस रो होता. या एकाच वर्षाच्या दोन नोंदी आहेत. बादशहाने आपल्या आठवणींत मांडवच्या पावसाळ्याचं तोंडभरून कौतुक केलं. रोने मात्र आपल्या रोजनिशीत त्या उन्हाळ्यातली पाण्याची टंचाई लिहून ठेवली. विहिरी बड्या मंडळींच्या ताब्यात गेल्या आणि गोरगरिबांचे हाल झाले. तळ्यांसाठी आणि बावड्यांसाठी नाव असलेल्या गावात ही वेळ यावी, याचा विचार करण्यासारखा आहे. इमारती दुरुस्त करायला बादशहाने आधीच माणसं पाठवली होती आणि महाल सजलेही. पण लवाजमा आला म्हणून तळ्यातलं पाणी वाढत नसतं. ते मागच्या पावसाळ्यात अडवलेलं असावं लागतं.

मला यात पाहुण्याचं मांडव आणि रहिवाशाचं मांडव असे दोन मांडव दिसतात. पाहुणा पावसाळ्यात येतो आणि ऑक्टोबरमध्ये जातो, जहांगीर गेला तसाच. रहिवासी चैत्र-वैशाखातही तिथेच असतो.

सुलतान गेले, मोगल गेले. १८व्या शतकात मराठे आले आणि पवारांनी आपली राजधानी खाली धारला केली. डोंगरावर राहिले ते भिल्ल, भिलाला आणि इतर कष्टकरी शेतकरी. पडक्या कमानींच्या आडोशाला त्यांची कौलारू घरं आहेत, अंगणात मका वाळत असतो. होळीच्या आधी भगोरियाच्या बाजाराला ते सजूनधजून उतरतात. आफ्रिकेतून कधीतरी आलेल्या गोरखचिंचेची फळं पर्यटकांना विकतात. कुणी तिला मांडवची चिंच म्हणतं, कुणी खुरासानी चिंच म्हणतं. परदेशातून आलेलं झाड, पण आता मांडव म्हटलं की तेच आठवतं.

इथे मला आपलीच आठवण होते. २९ नोव्हेंबर १७२८ ला धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याजवळ चिमाजी आप्पांनी गिरधर बहादुराचा पराभव केला आणि माळव्याची वाट मोकळी झाली. पवार, होळकर, शिंदे यांच्याबरोबर आपले पूर्वज इकडे आले. कुणी तलवार घेऊन, कुणी दप्तर घेऊन, कुणी पंचांग घेऊन. दुसऱ्या बाजीरावांचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यातला. आता तीनशे वर्षं होत आली. घरात मराठी, बाजारात माळवी, सकाळी पोहे-जिलेबी. आपणही त्या गोरखचिंचेसारखेच इथले झालो आहोत. पण इथला होणं म्हणजे इथलं पाणी पिणं एवढंच नाही. ते अडवणंही त्यात आलं.

याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९९० साली देवास शहराला रेल्वेने पाणी आणून द्यावं लागलं होतं. गावोगाव बोअर खोल खोल जात होते आणि कोरडे पडत होते. मग २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना पटवलं की स्वतःच्या शेताचा एक तुकडा तळ्याला द्या. शेतकऱ्यांनी आपल्या पैशाने, आपल्या जमिनीत तळी खोदली. एकाचं पाहून दुसऱ्याने, आणि अशी हजारो झाली. त्यांना नाव मिळालं रेवासागर. मांडवचं रेवाकुंड डोंगरावर आणि हे रेवासागर शेताशेतांत, नाव मात्र एकाच नर्मदेचं.

तेव्हा भाचीला मी काय सांगितलं? म्हटलं, माणसं डोंगरावर गेली नाइलाजाने, पण राहिली ती एकमेकांच्या आधाराने. वरच्या शेतकऱ्याने बांध सांभाळला तरच खालच्याचं घर वाचतं. राजाने बांधलेलं पाणी सांभाळणारं कुणी राहिलं नाही, तर ते राजाबरोबर जातं. गावाने अडवलेलं पाणी गाव सांभाळतं.

शेवटी आपल्या मंडळाविषयी थोडं बोलतो, राग मानू नका. आपली मुलं आता इंदूर, पुणे, बंगळुरूला आहेत. गणपतीला ती येतात, याचा आनंद आहे. पण मांडव घालायला, वर्गणी गोळा करायला, सतरंज्या उचलायला दरवर्षी तीच पाच-सहा माणसं असतात आणि त्यांतली बहुतेक साठीच्या पुढची आहेत. इटलीतल्या त्या गावांतही बांध एका दिवसात पडले नव्हते.

म्हणून दोन विनंत्या करतो. या वर्षीपासून उत्सवातलं एकेक काम एका तरुण आणि एका ज्येष्ठ अशा जोडीकडे द्यावं. आणि ज्या पाण्यात आपण बाप्पाला निरोप देतो, तिथे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा जावं. निर्माल्य, पाट, दोऱ्या गोळा कराव्यात. जमलं तर जेठ महिन्यात पाऊस येण्याआधी आणखी एकदा जावं, घमेलं-फावडं घेऊन, आणि चार घमेली गाळ काढावा. भाचीला मी विचारलं आहे. ती येते म्हणाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!